लफ्रॉइग: अडवलेला पाट, नक्कल केलेली भट्टी आणि एका टायपिस्टला मिळालेला वारसा

#थ्रेड #इतिहास

१/
स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, अटलांटिकच्या तोंडावर, आयला नावाचे एक बेट आहे. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट एलन गावाच्या जवळ लफ्रॉइग, लागावुलिन आणि आर्डबेग या तीन डिस्टिलऱ्या एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत. पहिलीपासून तिसरीपर्यंत रमतगमत चालत गेले तरी तासाभराच्या आत पोचता येते.

१९०७ च्या सुमारास यांपैकी पहिलीचे, म्हणजे लफ्रॉइगचे, पाणी अचानक बंद झाले. दुष्काळ नव्हता. आयलावर पाऊस न पडणे हीच बातमी ठरावी. ओढ्यातून डिस्टिलरीकडे येणारा पाट दगड टाकून बुजवण्यात आला होता आणि हे करवून घेणारा माणूस शेजारच्या लागावुलिनचा मालक होता. बांधावरची आणि पाटाच्या पाण्याची भांडणे आपल्याला नवी नाहीत. पण या भांडणातून पुढे जे घडले ते व्हिस्कीच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण आहे.

२/
आधी या व्हिस्कीविषयी थोडे. लफ्रॉइगच्या पेल्यातून धूर, समुद्री शेवाळ, मीठ आणि दवाखान्यातील टिंक्चर आयोडीन यांचा एकत्रित वास येतो. लहानपणी गुडघा फुटल्यावर आईने लावलेल्या औषधाची आठवण व्हावी, असा. काहींना ती प्राणप्रिय वाटते, काहींना पहिल्या घोटाबरोबरच नकोशी होते. कंपनीलाही याची पूर्ण जाणीव आहे. नापसंतीचे तिखट अभिप्राय जसेच्या तसे वापरून तिने आपल्या जाहिराती केल्या आहेत.

या चवीचे श्रेय नेहमी समुद्राला, धुराला आणि बेटाच्या हवेला दिले जाते. ते चूक नाही. परंतु ही डिस्टिलरी दोनशे वर्षे टिकली कशी, हे समजून घ्यायचे असेल तर समुद्राकडे पाठ फिरवून कागदपत्रांकडे वळावे लागते. भाडेपट्टा, पाण्याचा हक्क, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र हे चार कागद लफ्रॉइगच्या इतिहासात पुन्हा पुन्हा समोर येतात.

३/
एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी डोनाल्ड आणि अलेक्झांडर जॉन्स्टन या दोन भावांनी येथे गुरे पाळण्यासाठी जमीन घेतली. 'घेतली' म्हणजे विकत घेतली नव्हे, कुळ म्हणून कसायला घेतली. आयलाची जमीन तेव्हा कॅम्पबेल घराण्यातील जमीनदाराच्या मालकीची होती. बेटावरील शेतकरी, कोळी, भट्टीवाले सारे त्याचीच कुळे.

गुरांसाठी पिकवलेल्या सातूतून काही उरे, त्याची दारू गाळली जाई. हळूहळू भावांच्या ध्यानात आले की गुरांपेक्षा दारूतच पैसा अधिक आहे. लफ्रॉइगच्या स्थापनेचे वर्ष म्हणून १८१५ मानले जाते. वॉटर्लूच्या लढाईचे वर्ष तेच, आणि आपल्याकडे पेशवाईची अखेरची तीन वर्षे शिल्लक होती.

४/
त्या काळात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर बहुतेक भट्ट्या चोरून चालत. कर इतका जाचक आणि नियम इतके गैरसोयीचे होते की लहान शेतकऱ्याला कायद्याने वागणे परवडतच नसे. १८२३ च्या अबकारी कायद्याने हे चित्र पालटले. वार्षिक परवाना १० पौंडांचा झाला, दारूवरील कर बराच उतरला आणि लहान भट्टीलाही उजळ माथ्याने धंदा करणे शक्य झाले. आज स्कॉचची जी जुनी नावे आपण ऐकतो, त्यांतील कितीतरी नावे याच कायद्यानंतरच्या काही वर्षांत सरकारदप्तरी आली.

लफ्रॉइगचा धंदा वाढला, पण दोघा भावांची वाट मात्र वेगळी झाली. १८३६ मध्ये डोनाल्डने अलेक्झांडरचा हिस्सा ३५० पौंडांना विकत घेतला. अलेक्झांडर ऑस्ट्रेलियाला निघून गेला आणि डोनाल्ड एकटा मालक झाला. मालक भट्टीचा, बरे का. पायाखालची जमीन अजूनही जमीनदाराचीच होती.

५/
१८४७ मध्ये डोनाल्डचा मृत्यू झाला. तो 'आपल्याच व्हिस्कीच्या पिंपात बुडून मेला' अशी कथा पर्यटकांना रंगवून सांगितली जाते. परंपरेने चालत आलेली हकीकत जरा वेगळी आहे. तो 'बर्न्ट एल'च्या टाकीत पडला, असे ती सांगते. पहिल्या ऊर्ध्वपातनानंतर भट्टीच्या तळाशी जे उकळते पाणी उरते त्याला बर्न्ट एल म्हणतात. त्यात दारू जवळजवळ नसतेच, गुरांना घालण्यासाठी ते वापरत. म्हणजे हा मृत्यू नशेतला काव्यात्म शेवट नव्हता. कामाच्या जागी भाजून झालेला तो एक अपघात होता, कोणत्याही गुऱ्हाळात व्हावा तसा.

त्याचा मुलगा डुगल्ड तेव्हा अवघा ११ वर्षांचा होता.

६/
वारस अल्पवयीन आणि धंदा चालता. अशा वेळी भाऊबंद काय करतात हे आपण जाणतो. येथे मात्र कारभार सांभाळायला धावून आला तो शेजारच्या लागावुलिनचा वॉल्टर ग्रॅहम. त्याने सुमारे दहा वर्षे लफ्रॉइग चालवली आणि १८५७ मध्ये वयात आलेल्या डुगल्डच्या हाती ती परत दिली. पन्नास वर्षांनी ज्या शेजाऱ्याने पाणी तोडले, त्याच शेजाऱ्याच्या आवारातून आलेल्या माणसाने एकेकाळी ही डिस्टिलरी जगवली होती, हे विसरून चालणार नाही.

दरम्यान कर्जबाजारी झालेल्या कॅम्पबेल जमीनदाराचे बेट हातचे गेले. १८५५ मध्ये दक्षिणेकडचा किल्डाल्टन भाग जॉन रॅमसे याने विकत घेतला. हा रॅमसे स्वतः पोर्ट एलनची डिस्टिलरी चालवत असे. त्यामुळे जॉन्स्टन कुटुंब आता आपल्याच व्यवसायातील माणसाचे कूळ झाले.

७/
पुढचे समजण्यासाठी स्कॉच व्यापाराची रचना ध्यानात घ्यावी लागेल. केवळ मोड आणलेल्या सातूपासून, एकाच डिस्टिलरीत, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये गाळलेली व्हिस्की म्हणजे सिंगल माल्ट. १८६० च्या कायद्याने अशी माल्ट आणि स्वस्त धान्याची व्हिस्की यांचे मिश्रण करण्याची वाट सोपी झाली आणि 'ब्लेंडेड' स्कॉच जगभर पसरली. ग्लासगो, एडिंबरा, लंडन येथील मिश्रण करणारे व्यापारी गब्बर झाले. बेटावरच्या लहान डिस्टिलऱ्या त्यांना माल पुरवणाऱ्या बनल्या.

धुरकट आयला माल्ट या मिश्रणात हिंगासारखी पडे. थोडीशीच, पण तिच्याविना चव नाही. मात्र हिंग विकणाऱ्याला भाव ठरवता येत नाही, तो आचारीच ठरवतो. लफ्रॉइगचा माल बाजारात नेऊन विकण्याची एजन्सी मॅकी अँड कंपनी या पेढीकडे होती आणि याच पेढीकडे लागावुलिनचा ताबा होता. म्हणजे शेजारी, प्रतिस्पर्धी आणि दलाल ही तिन्ही नाती एकाच घरात.

८/
या पेढीचा सूत्रधार पीटर मॅकी हा उद्योगी, हट्टी आणि अस्वस्थ स्वभावाचा गृहस्थ होता. 'व्हाइट हॉर्स' हे प्रसिद्ध मिश्रण त्याचेच आणि त्याचा कणा लागावुलिनच्या माल्टचा. आपल्या मालाला योग्य मोल मिळत नाही, अशी लफ्रॉइगच्या जॉन्स्टनांची तक्रार होती. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९०७ मध्ये मॅकीची एजन्सी संपुष्टात आली.

त्याच वर्षी लफ्रॉइगचा कारभार पाहणारे अलेक्झांडर जॉन्स्टन वारले. (डुगल्डचे निधन १८७७ मध्येच झाले होते. हे त्याचे नातेवाईक. देशांतर केलेल्या अलेक्झांडरशी गल्लत करू नये. या घराण्यात नावे फार कमी होती.) मालकी घरातील दोन बहिणींकडे आली. समोरच्या पक्षाला वाटले असणार, हीच वेळ आहे.

९/
मॅकीने पाटात दगड टाकवले ते या पार्श्वभूमीवर.

पाणी डिस्टिलरीला किती लागते? सातू भिजवायला, मोड आलेल्या धान्याचा गोड अर्क काढायला आणि भट्टीतून निघालेली वाफ थंड करायला, अशा तीनही टप्प्यांत ते लागते. शेवटच्या कामाला तर अखंड धार हवी. पाट बंद म्हणजे धंदा बंद. लफ्रॉइगवाल्यांनी पुन्हा न्यायालय गाठले, निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि किलब्राइडच्या ओढ्याचे पाणी पूर्ववत करण्यात आले.

मॅकी हरला, पण गप्प बसणाऱ्यांतला तो नव्हता. लफ्रॉइग विकायला मिळत नसेल तर आपणच ती तयार करू, असे त्याने ठरवले.

१०/
१९०८ मध्ये लागावुलिनच्या आवारातच मॅकीने एक छोटी नवी डिस्टिलरी उभारली. तिचे नाव माल्ट मिल. लफ्रॉइगच्या भट्ट्यांच्या आकारबरहुकूम दोन भट्ट्या बनवून घेतल्या. सातू सुकवायला केवळ पीटचा धूर वापरण्याची व्यवस्था केली. एवढेच करून तो थांबला नाही. लफ्रॉइगच्या अनुभवी कारागिराला, म्हणजे तेथील ब्रूअरलाच, त्याने आपल्याकडे ओढले.

यंत्र तेच, धूर तोच, माणूसही तोच, आणि अंतर फार तर मैलभर. तरीही माल्ट मिलमधून जी व्हिस्की निघाली ती लफ्रॉइग नव्हती. ती वाईट होती असे कुणी म्हटलेले नाही. मिश्रणांत ती अर्धशतकाहून अधिक काळ वापरली गेली. १९६२ मध्ये माल्ट मिल बंद पडली. तिच्या अखेरच्या गाळपाचा एक छोटा नमुना लागावुलिनमध्ये जपून ठेवला आहे. केन लोचच्या २०१२ मधील 'द एंजल्स शेअर' या चित्रपटाचे कथानक ज्या अमूल्य पिंपाभोवती फिरते, ते पिंप याच माल्ट मिलचे दाखवले आहे. सूडापोटी जन्मलेली ही डिस्टिलरी शेवटी दुर्मिळतेमुळे दंतकथा झाली.

११/
नक्कल का फसली? 'बेटाची जादू' असे उत्तर पुस्तिकांत मिळते. त्यावर समाधान मानू नये, प्रक्रियेकडे पाहावे.

सातू भिजवून फरशीवर पसरतात. मोड फुटू लागले की लाकडी फावड्यांनी ती पुन्हा पुन्हा उलटतात, नाही तर मटकीला फार वेळ ठेवल्यावर होते तशी गुंता होऊन बसते. मग भट्टीवरच्या जाळीदार जमिनीवर ती सुकवायची. लफ्रॉइगमध्ये आधी कमी आचेवर पीटचा दाट धूर देतात. धान्य ओलसर असेपर्यंतच त्याच्या सालीत धूर नीट मुरतो, आणि नंतर कोरड्या गरम हवेने ते सुकवतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. विटांसारखा कापून, गोवऱ्यांप्रमाणे वाळवून तो जाळतात. आयलाच्या पीटमध्ये शेवाळ्याचा अंश अधिक आणि झाडांचा कमी, म्हणून त्याचा धूर स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरील पीटहून वेगळा.

१२/
यापुढचा टप्पा अधिक नाजूक. दुसऱ्या ऊर्ध्वपातनात भट्टीतून आधी तीव्र, नको असलेला भाग येतो, मग मधला चांगला भाग आणि शेवटी जड, तेलकट भाग. कुठे कापायचे हे गाळणारा ठरवतो. लफ्रॉइगमध्ये पहिला भाग सुमारे पाऊण तास बाजूला काढतात, इतरांच्या मानाने फारच अधिक वेळ. त्यामुळे फळांसारखा गोड वास देणारी द्रव्ये बरीचशी वगळली जातात आणि मधला भाग उशिरापर्यंत धरल्याने औषधी वासाचे फिनॉल पदरात पडतात.

म्हणजे ही चव भट्टीच्या आकारात जितकी आहे तितकीच ती वेळेत, तापमानात, ओलाव्यात आणि शेकडो लहान सवयींत आहे. मॅकीच्या आवारात या सवयींच्या जागी नव्या सवयी आल्या असणार. मला या प्रकरणाचा हाच धडधडीत पुरावा वाटतो की कारागीर नेला तरी कारखाना त्याच्याबरोबर जात नाही.

१३/
लफ्रॉइगवर आता नवा माणूस आला होता. मालकीण बहिणींपैकी एकीचा मुलगा, इयन हंटर. १९०८ मध्ये तो बेटावर पोचला तेव्हा कर्ज, कज्जे आणि भडकलेला शेजारी असा तिहेरी वारसा त्याची वाट पाहत होता. त्याने घडवलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणत्याही बाटलीवर लिहिलेली नाही. १९२० च्या दशकाच्या आरंभी रॅमसे घराण्याने जमिनी विकायला काढल्या, तेव्हा त्याने डिस्टिलरीखालची जमीन विकत घेतली. शतकभर कूळ असलेली लफ्रॉइग आपल्या पायांखालच्या मातीची धनी झाली. त्यानंतर लगेच, १९२३ मध्ये, त्याने भट्ट्या दोनाच्या चार केल्या. जमीन आपली नसताना कोण असा खर्च करील?

त्याच सुमारास अमेरिकेत दारूबंदी आली. तिथल्या कायद्यात औषधी मद्याला डॉक्टरच्या चिठ्ठीवर सवलत होती. हंटरने अमेरिकी अधिकाऱ्यांपुढे लफ्रॉइगची बाटली धरली, वास पाहताच 'हे कुणी चैनीसाठी पिणार नाही' अशी त्यांची खात्री झाली आणि औषध म्हणून ती आत सोडण्यात आली, ही कंपनीची आवडती कथा. कथेवर मुलामा असेल, पण ज्या वासाची चेष्टा होई त्याचाच व्यापारात उपयोग झाला, एवढे त्यातून दिसते. बंदी उठल्यावर अमेरिकेत बर्बन व्हिस्कीसाठी दरवेळी नवे, आतून जाळलेले ओक पिंप वापरण्याचा नियम आला आणि एकदा वापरलेली पिंपे स्वस्तात मिळू लागली. ती आयलावर आणणाऱ्या पहिल्या काहींमध्ये हंटरचे नाव घेतले जाते. आजच्या लफ्रॉइगमधील व्हॅनिलाचा गोडवा त्या पिंपांतून आलेला आहे.

हंटर संशयी होता. मॅकी प्रकरणाचा घाव खोल असावा. पद्धती बाहेर जाऊ नयेत म्हणून बाहेरच्यांना तो आवारात फारसे फिरकू देत नसे. त्याने लग्न केले नाही आणि त्याला मूलबाळ नव्हते. हे सारे कुणाच्या स्वाधीन करायचे, हा प्रश्न त्यामुळे लोंबकळत राहिला.

१४/
१९३४ च्या उन्हाळ्यात लफ्रॉइगला तात्पुरत्या लघुलेखक-टायपिस्टची गरज होती. काम तीन महिन्यांचे. ग्लासगो विद्यापीठाची पदवी घेतलेली एलिझाबेथ 'बेसी' विल्यमसन त्या कामासाठी बेटावर आली. वय जेमतेम तेवीस-चोवीस. शिक्षिका होण्याचा तिचा विचार होता. महामंदीच्या त्या काळात जी नोकरी मिळेल ती बरी.

तीन महिन्यांचे अडतीस वर्षे झाले.

१५/
पत्रव्यवहार, हिशेब, मग पिंपांची नोंद, मग भट्टीवरचे वेळापत्रक, असे करत बेसीने धंदा आतून शिकून घेतला. १९३८ मध्ये हंटरला पक्षाघाताचा झटका आला आणि अमेरिकेतील व्यवहार पाहण्याची जबाबदारी तिच्यावर आली. पाठोपाठ महायुद्ध. धान्य माणसांना हवे असल्याने गाळप आक्रसले, लष्कराने आवार वापरायला घेतले. अशा काळात डिस्टिलरीचे खरे धन म्हणजे गोदामातील पिंपे, आणि ती राखण्याचे काम तिच्याकडे होते.

आपली पद्धत अविवाहित हंटरने जिला विश्वासाने शिकवली ती हीच एकटी होती. १९५० मध्ये त्याने तिला कंपनीची सचिव आणि संचालक केले. १९५४ मध्ये तो वारला. मृत्युपत्र उघडले गेले तेव्हा डिस्टिलरी, राहते घर आणि समोरच्या समुद्रातील टेक्सा नावाचे छोटे बेट बेसीच्या नावे केलेले होते.

१६/
व्हिस्कीच्या धंद्यात बायका नव्हत्या, हे खरे नाही. एकोणिसाव्या शतकात स्पेसाइडच्या कार्डू डिस्टिलरीत हेलन कमिंग आणि तिची सून एलिझाबेथ यांनी धंदा उभा केला होता. परंतु विसाव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये डिस्टिलरीची मालकी आणि प्रत्यक्ष संचालन दोन्ही हाती असलेली स्त्री म्हणून बेसीचेच नाव घेतले जाते. आणि तिला हे लग्नाने वा जन्माने मिळालेले नव्हते. हे मिळाले कामाने.

तिने हंटरची बंद दारे उघडली. सगळा माल मिश्रणवाल्यांच्या घशात जात असताना 'सिंगल माल्ट' ही स्वतंत्र चीज म्हणून लोकांनी मागावी, असे ती आग्रहाने सांगे. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात स्कॉच व्हिस्की असोसिएशनतर्फे तिने अमेरिकेत दौरे केले. त्या वेळी बाटलीतली सिंगल माल्ट ही स्कॉटलंडबाहेर अपूर्वाईची गोष्ट होती.

१७/
आणि याच दशकात तिने लफ्रॉइग विकायला सुरुवात केली.

या निर्णयावरून तिला बोल लावणारे आहेत. हंटरने आयुष्यभर परक्यांपासून जपलेली गोष्ट तिने अमेरिकी भांडवल पाठीशी असलेल्या लाँग जॉन या कंपनीला टप्प्याटप्प्याने देऊन टाकली आणि १९७२ मध्ये ती निवृत्त झाली. मला हा आरोप पटत नाही. भट्ट्या जुन्या झाल्या होत्या आणि मागणी वाढत होती. व्हिस्कीत आज घातलेला पैसा दहा वर्षांनी परत येतो, तोवर मजुरी, धान्य, पिंपे, कर यांचा खर्च कुणी उचलायचा? तिच्या मागेही वारस नव्हता. (१९६१ मध्ये तिने विशार्ट कॅम्पबेल या कॅनेडियन गायकाशी लग्न केले होते.) शिवाय विकताना तिने एकदम हात झटकले नाहीत. मालकी जात असताना कारभार स्वतःकडे ठेवून दहाएक वर्षे नव्या मालकांना लफ्रॉइगच्या पद्धती तिने शिकवल्या. मॅकीला पळवून नेता आले नाही ते तिने स्वतःच्या हाताने सुपूर्द केले. १९८२ मध्ये ती वारली.

१८/
नंतर मालक बदलत गेले. व्हिटब्रेड, अलाइड, बीम आणि २०१४ पासून जपानची सनटोरी. आज भट्ट्या सात आहेत. फरशीवर सातू पसरून माल्ट करण्याची पद्धत चालू आहे, पण तिने गरजेचा लहानसा भागच भागतो. उरलेले बहुतांश माल्ट अनेक दशके पोर्ट एलनच्या मोठ्या कारखान्यातून येत राहिले. हा कारखाना डियाजिओचा, आणि मॅकीच्या पेढीचा वारसा विलीनीकरणे होत होत डियाजिओकडेच आलेला. ज्याच्याशी पाण्यावरून खटला चालला त्याच्याच वारसाकडून धान्य घ्यायचे! जॉन्स्टन बहिणींना हे ऐकून काय वाटले असते कोण जाणे.

१९/
आता बाटल्यांकडे. त्या मांडणीतही हा इतिहास वाचता येतो.

मुळाशी आहे १० वर्षांची. बर्बनच्या पिंपांत मुरलेली, म्हणजे हंटरची थेट वारसदार. तिचीच पाणी न मिसळलेली, पिंपातील मूळ तीव्रतेची 'कास्क स्ट्रेंग्थ' आवृत्ती २००९ पासून दरसाल क्रमांक घालून निघते. ओळख करून घ्यायची तर जाणकार याच दोघींपासून आरंभ करायला सांगतात.

२००४ मध्ये आली 'क्वार्टर कास्क'. तिच्यात नेहमीच्या पिंपांतून काढलेली तरुण व्हिस्की सुमारे १२५ लिटरच्या लहान पिंपांत पुन्हा भरतात. पिंप लहान असले की द्रवाच्या मानाने लाकडाचा स्पर्श वाढतो आणि ओकचा गोडवा लवकर उतरतो. ४८ टक्क्यांची ही बाटली लगेच लोकप्रिय झाली. लेबलावर वय नाही. 'ट्रिपल वुड'मध्ये बर्बन, लहान पिंपे आणि ओलोरोसो शेरीची पिंपे असा तीन मुक्कामांचा प्रवास असतो, 'सिलेक्ट' ही त्या मानाने सौम्य आणि २०१६ मधील 'लोर' अनेक प्रकारच्या पिंपांची जुळवणी.

२०/
वय लिहिलेल्या बाटल्यांचे मात्र येणे-जाणे चालू असते. १५ वर्षांची २००९ च्या सुमारास बंद होऊन १८ वर्षांची आली, पुढे तीही थांबली. द्विशतकाच्या निमित्ताने २०१५ मध्ये १५ वर्षांची थोडी पुन्हा निघाली. चाहते यावर चिडतात. पण कारण साधे आहे. लेबलावरचे वय हे त्या बाटलीतील सर्वांत तरुण व्हिस्कीचे असते, आणि आज १८ वर्षांची व्हिस्की हवी तर १८ वर्षांपूर्वी कुणीतरी पुरेशी पिंपे भरून, न विकता ठेवलेली असायला हवीत. दरवर्षी पिंपातून साधारण दोन टक्के उडून जाते. त्याला 'देवदूतांचा वाटा' असे गोड नाव आहे, हिशेबाच्या वहीत मात्र ते नुकसानच. १९९० च्या दशकात सिंगल माल्टला एवढी मागणी येईल असे फार थोड्यांना वाटले होते. तेव्हा न भरलेली पिंपे आज कोणत्याही किमतीला मिळत नाहीत.

२१/
शेवटी एक कागद राहिला.

१९९४ मध्ये, ज्या वर्षी तेव्हाच्या प्रिन्स चार्ल्सचे राजचिन्ह लावण्याचा मान लफ्रॉइगला मिळाला, त्याच वर्षी डिस्टिलरीने 'फ्रेंड्स ऑफ लफ्रॉइग' ही योजना काढली. बाटलीबरोबर मिळणारा क्रमांक नोंदवला की डिस्टिलरीसमोरच्या ओल्या कुरणातील एक चौरस फूट जमीन तुमच्या नावे लागते, मालकीने नव्हे, आजन्म भाडेपट्ट्याने. गंमत अशी की येथे भाडे कुळाने द्यायचे नसते. या जमिनीचे भाडे म्हणून डिस्टिलरीच तुम्हाला दरसाल एक पेला लफ्रॉइग देणे लागते. मात्र तो घ्यायला जातीने आयलाला जावे लागते.

जगभरातील काही लाख लोक या कुरणाचे पट्टेदार आहेत. बेटावर पोचलेले काहीजण रबरी बूट घालून चिखलात आपला फूटभर तुकडा शोधतात आणि त्यात आपल्या देशाचा छोटा झेंडा रोवतात. कुरणापलीकडे किलब्राइडचे पाणी अजून पाटाने येते.